तळहातावरचा शेंदूर

लॅबमध्ये माझ्या टेबलावर एक काचेचं नरसाळं आहे. त्यात गाळणकागदाची घडी बसवून मी रोज सकाळी स्टेन गाळतो. स्टेन म्हणजे रक्ताची स्लाइड रंगवायचं निळं-जांभळं औषध; त्याशिवाय मायक्रोस्कोपखाली पेशी नीट दिसत नाहीत. दिवसातून एकदा गाळला की पुरतो. मी तीनदा गाळतो. काउंटरवरच्या ताई म्हणतात, "इतका तर आमी पावण्यांचा चहाबी गाळत न्हाई." मी हसतो, पण हात थांबत नाही. एके काळी हाच स्टेन मी आठवडा आठवडा गाळायचो नाही आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

नारायणगावात रक्त तपासायचं काम मी वीस वर्षं करतोय. डॉक्टर नाही, टेक्निशियन. सुई टोचायची, मशीनला रक्त पाजायचं, काचेवर थेंब ओढायचा, रिपोर्ट छापायचा. रिपोर्टवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम आठवड्यातून तीन दिवस पुण्याहून येतात. उरलेले दिवस मी आणि मशीन. स्वभावाने मी उतावळा आणि जिभेचा तिखट. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. टोमॅटोच्या सीझनला मार्केटमधून थेट आलेले शेतकरी क्रेट टेम्पोत तसेच ठेवून "लवकर कर भाऊ" म्हणत काउंटरवर थापा मारतात, तेव्हा मी त्यांच्या दुप्पट आवाजात ओरडतो. त्यांना त्याची सवय झाली आहे.

ज्याच्यामुळे मी असा स्टेन गाळत बसतो, तो माझा शाळेपासूनचा मित्र. बेल्ह्याच्या बाजूला आमचं गाव. मी नोकरीमुळे वारूळवाडीत घर केलं, तो गावातच राहिला. दोन एकर टोमॅटो आणि कांदा, आणि मारुतीची पूजा. वेशीजवळच्या मारुतीच्या पूजेचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे आहे. दर शनिवारी अंघोळ करून तो तेलात शेंदूर कालवायचा आणि उघड्या हातांनी मूर्तीला लावायचा. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, आणि देवळाच्या पायरीला पाय लावायचा नाही असं वडिलांनी आम्हा भावंडांना बजावून ठेवलं होतं. म्हणून मी बाहेर पारावर बसायचो. पूजा उरकली की तो पंच्याला हात पुसत यायचा, माझ्या शेजारी बसायचा आणि पुडी काढून तंबाखू मळायला घ्यायचा.

डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने रगडा, दोन थापा, आणि मग तो हात माझ्यापुढे. अर्धी चिमूट मी उचलायची, उरलेली त्याच्या गालात. माझ्या आजोबांना गावात कुणी तंबाखू दिलाच तर वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यावर आम्ही उभ्या आयुष्यात एक शब्द बोललो नाही. तो फक्त तळहात पुढे करायचा.

"तुझा तंबाखू तांबडा कसा रे?" मी कधीतरी विचारायचो.

"मारुतीचा परसाद हाय लेका. तुमच्यात चालतो का बघ."

"परसाद म्हणून नाय चालत. तंबाखू म्हणून चालतो."

यावर तो दर वेळी तितकाच हसायचा. पुढे लॅबमध्ये तोंडाच्या कॅन्सरची माणसं बघून मी धसका घेतला आणि तंबाखू सोडला. मित्र आजारी पडला तेव्हा त्याला पाच वर्षं झाली होती. सोडला तेव्हा तो माझ्यावर चांगला महिनाभर रुसला होता.

त्या वर्षी हनुमान जयंतीच्या आधी मूर्तीच्या छातीजवळ भेग दिसली. शेंदराचे थर चढून चढून मारुतीचं नाक कुठे आणि डोळे कुठे ते कळेनासं झालं होतं. जुनी माणसं म्हणाली, देव खोळ टाकतोय. खोळ म्हणजे शेंदराचं ते जाड कवच. ते निघालं की वाजतगाजत नदीत सोडतात आणि देवाला नव्याने शेंदूर चढवतात. माझ्या मित्राने खोळ स्वतःच्या हातांनी काढायचं ठरवलं. गाभारा म्हणजे दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी खोली, खिडकी नाही. आठ दिवस तो आत पटाशी आणि तारेचा ब्रश घेऊन खरवडत होता. बाहेर यायचा तेव्हा भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत शेंदरी. "आता तुझ्याच पाया पडतो, आत जायला नको," असं मी म्हणालो होतो. निघालेले तुकडे त्याने नदीत सोडलेच नाहीत. "देवाच्या अंगावरचं हाय ते, पाण्यात कशापायी घालायचं?" म्हणून देवळातल्या पाट्यावर ते वाटले, चाळले, डब्यांत भरले आणि शनिवारी शनिवारी तेलात कालवून तेच वापरायला लागला. हे सगळं मी पारावरून पाहिलं होतं. मला ते कौतुकाचंच वाटलं होतं.

आषाढात त्याचं पोट दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग असं की बेल्ह्याच्या बाजारात बैलाचे दात बघता बघता हा पोट धरून खाली बसला आणि व्यापाऱ्यांनी त्याला टेम्पोत घालून घरी आणलं. संडासला चार चार दिवस होत नव्हती. कुणी म्हणालं नळ भरलेत, कुणी म्हणालं गॅस. एका म्हातारीने पोट चोळून दिलं, एका डॉक्टरने इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. मग श्रावणात कळ अशी आली की तो अंगणात लोळला. वहिनींचं माहेर मंचरच्या जवळ, म्हणून त्यांच्या भावाने मंचरच्या एका दवाखान्यात दाखवलं. उजव्या बाजूला दुखतंय, सोनोग्राफीत नीट काही दिसत नाही, अपेंडिक्स असणार, काढून टाकू, असं तिथल्या सर्जनांनी सांगितलं आणि रक्त तपासून यायला सांगितलं. तो माझ्याकडे आला. आपला माणूस असताना दुसरीकडे कशाला, असं म्हणाला.

डेंग्यूचे दिवस होते. सकाळपासून प्लेटलेटच्या आकड्यासाठी माणसं दारात उभी. मॅडमचा यायचा दिवस नव्हता. मित्र खुर्चीवर घामाने डबडबलेला. मशीनने हिमोग्लोबिन बरंच कमी दाखवलं, म्हणून मी स्लाइड केली आणि डोळा लावला. तांबड्या पेशींच्या आत बारीक निळे ठिपके होते, अनारशावर खसखस असावी तसे. मी चडफडलो. स्टेनमध्ये कचरा आला, दुसरं काय. तो गाळून नवी स्लाइड करायची म्हणजे वीस मिनिटं. बाहेर थापा पडत होत्या. मी स्लाइड कचऱ्याच्या डब्यात टाकली, मशीनचे आकडे छापले, रक्त कमी आहे म्हणून लिहिलं आणि मोकळा झालो. सह्यांच्या गठ्ठ्यात त्या रिपोर्टवरही दुसऱ्या दिवशी सही झाली.

कचरा असता तर तो पेशींच्या बाहेर, मधल्या मोकळ्या जागेतही दिसला असता. हे मला पक्कं शिकवलेलं होतं, आणि शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना मी ते शिकवलं होतं.

त्याचं अपेंडिक्स काढलं. टाके पडले, सुटले. पंधरा दिवस बरे गेले आणि कळ परत आली, आधीपेक्षा वाईट. आता गावाला बोलायला विषय मिळाला. खोळ काढताना सोवळं पाळलं नाही, पटाशी देवाला लागली, कोप झाला. ज्यांनी तो आठ दिवस आत धूळ खात होता तेव्हा एक तांब्या पाणी दिलं नाही, तेच सगळ्यांत पुढे. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण मी कोण बोलणार? पारावर बसणारा. मित्र मात्र ते मनाला लावून घेत होता. पोट जरा शांत असलं की मारुतीपुढे जाऊन बसायचा, आणि गुन्हा झालाच असेल म्हणून आणखी शेंदूर लावायचा.

भाद्रपदात एका दुपारी वहिनींचा फोन आला. "भावजी, पुन्हा मंचरला आणलंय. आतडं चिकटलंय म्हणत्यात पहिल्या ऑपरेशननं. उद्या सकाळी पोट उघडणार हायेत. तुमी या."

मोटरसायकलला किक मारली आणि कळंबवरून मंचर गाठलं. तो कॉटवर गुडघे छातीशी घेऊन पडला होता. रंग उडालेला, ओठ पांढरे. सिस्टर रक्त काढायला आली, पण दोन टोचण्या फुकट गेल्या. तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच काढ राव. तुझा हात हलका हाय."

मी त्याचा हात हातात घेतला आणि मनगट खाली लोंबलं. "वर धर की," मी म्हणालो. त्याने धरायचा प्रयत्न केला. बोटं हलली, मनगट उचललं नाही.

"महिना झाला असंच करतंय," वहिनी म्हणाल्या. "तांब्या गळतो हातातनं. सदऱ्याची बटणं मीच लावते. ह्यांनी डाक्टरला सांगितलंच न्हाई. पोट दुखतंय म्हटल्यावर हाताचं काय सांगायचं, म्हणत्यात."

मी रक्त काढलं, आमच्याकडे लगेच तपासून फोनवर आकडे सांगतो म्हणालो आणि निघालो. ते मनगट माझ्या डोक्यातून जाईना. लॅबमध्ये आलो. त्या सकाळीच स्टेनची नवी बाटली फोडली होती, गाळून घेतली होती. स्लाइड केली, डोळा लावला. निळे ठिपके. पेशींच्या आत. बाहेर एकही नाही.

मी शेजारच्या पेशंटची स्लाइड त्याच स्टेनने रंगवली. स्वच्छ. अजून एक केली. तीही स्वच्छ. मग पुन्हा त्याची लावली आणि ठिपके तिथेच होते. श्रावणातली ती डब्यात टाकलेली स्लाइड मला आता अख्खी दिसत होती. तेव्हाही पेशींच्या बाहेर कचरा नव्हता. मी तो पाहिलाच नव्हता, कारण नव्हताच.

मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाइल टेकवून फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन.

"हा माणूस काय करतो? बॅटरीचं काम? रंगाचा कारखाना?"

"शेतकरी आहे मॅडम. पोट दुखतंय, संडास होत नाही, रक्त कमी, आणि मनगट उचलत नाही. उद्या सकाळी पोट उघडणार आहेत."

"थांबवा. आधी शिसं बघा. शिशाच्या विषबाधेत पोटात अशाच कळा येतात, आणि आत कापायला काही नसतं. सर्जनशी मी बोलते. पण ते विचारतील, शेतकऱ्याच्या पोटात शिसं कुठून आलं? ते शोधा. नाहीतर माझा अंदाज हवेतच राहील."

फोन ठेवला आणि मी लॅबमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. भांड्यांना कल्हई? त्याच्या घरी सगळं स्टीलचं. विहिरीचं पाणी? मग वहिनी आणि मुलंही आजारी पडली असती. काढे, भस्मं? तो गोळीसुद्धा धड घेत नाही. जे तो एकटाच खातो, रोज खातो, दिवसातून दहादा खातो, असं काय? आणि मग मला ती चिमूट दिसली. तांबडी. मोबाइलवर शेंदूर कशाचा करतात ते शोधलं. तांबड्या शिशाचा.

इथून मंचरपर्यंतचा रस्ता मी दुसऱ्यांदा कापला. त्या अर्ध्या तासाइतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. स्लाइड रुमालात गुंडाळून खिशात. डोक्यात दोन गोष्टी. एक, मी काय बोलणार होतो? तुझ्या देवाच्या शेंदराने तुझं पोट जाळलं? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ती माहिती झाली असती. मी म्हटलं की गाव काय म्हणेल ते मला पाठ होतं: ह्यांना पहिल्यापासून आपल्या देवाचं वावडं. आणि दुसरी गोष्ट श्रावणातली स्लाइड. पहिलीपुढे दुसरी लपत होती, आणि मी तिला लपू देत होतो.

सर्जनांना मॅडमचा फोन येऊन गेला होता. मी त्यांना खोळीचं, पाट्याचं, तंबाखूचं सगळं सांगितलं. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "कळ आली की तडफडतो, पण हात लावला तर पोट मऊ. एक्सरेतही आतडं अडकल्याचं दिसत नाही. मला हेच खटकत होतं." आणि उठलेच. टॉर्च घेऊन त्याच्याजवळ गेले, ओठ उलटा केला. हिरड्या तंबाखूने काळ्याच होत्या. आमच्याकडे निम्म्या माणसांच्या असतात. पण दातांच्या कडेला, काळ्याच्याही खाली, एक निळसर रेघ होती. ती त्यांनी मलाही दाखवली. "मागच्या वेळी मी इथे पाहिलंच नाही," असं ते माझ्यासमोर, वहिनींसमोर सरळ बोलले. ते ऐकून मी मान खाली घातली. तिथेच मला तोंड उघडता आलं असतं.

त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. कळेसाठी इंजेक्शन, सलाइन, पोट साफ व्हायचं औषध चालू केलं आणि शिशाच्या तपासणीसाठी रक्त पुण्याला पाठवायला सांगितलं. मग मला म्हणाले, "त्याला तुम्हीच समजावा. तुमचं ऐकेल."

मी स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "तुझ्या पोटात शिसं गेलंय. शेंदरातनं. हाताला शेंदूर, त्याच हातावर तंबाखू, तो तोंडात. आन गाभाऱ्यातली धूळ नाकातोंडात."

तो छताकडे बघत राहिला. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या. देवाचं नाव निघणार, आवाज चढणार, म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो. त्याने मान माझ्याकडे वळवली. घाबरला होता, पण स्वतःसाठी नाही.

"मग तूबी खाल्लास की रे मपल्या हातनं. तुझं रगत बघितलंस का?"

"मी सोडून पाच वर्षं झाली," एवढंच म्हणालो.

"बरं केलंस. रुसलो व्हतो मी तुझ्यावर." मग डोळे मिटून, "आन पाटा देवळातलाच व्हता. घरच्या पाट्याला न्हाई लावला, शपथ. पोरांचंबी बघा पण."

मुलांचं आणि वहिनींचंही रक्त पाठवलं. त्यांचं ठीक निघालं. त्याच्या रिपोर्टवर मात्र आकड्याशेजारी वर जाणारा बाण छापला होता, आणि तो आकडा मॅडमनी फोनवर मला दोनदा वाचायला लावला. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शिसं लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, थोडे दिवस घ्यायच्या, थोडे दिवस थांबायचं, मध्ये रक्त तपासायचं, असं महिनोन् महिने. शिसं हाडात जाऊन बसतं आणि सावकाश सुटतं, त्यामुळे घाई चालत नाही. मनगटाला लाकडी पट्टी आणि व्यायाम. आणि शेंदूर बंद. एका आठवड्यात पोटाची कळ थांबली. पहिल्यांदा पोट साफ झालं तेव्हा त्याने मला फोन करून ती बातमी अशी सांगितली, जशी कुणी मुलगा पास झाल्याची सांगतो.

गावात मी भीत होतो तेच झालं. देवाचा शेंदूर विषारी कसा, हे कुणी काढलं, असे प्रश्न पारावर निघाले. एका शनिवारी मी गेलो होतो आणि एक म्हातारा माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने बोलत होता. मित्र हाताला पट्टी बांधून बसला होता. तो म्हणाला, "देवाचं काय चुकलं न्हाई, आबा. शेंदूर देवाच्या अंगाला लावायचा असतो, मी खाल्ला. हात धुवायचं काम मपलं व्हतं, मारुतीचं नव्हं." राहिलेले डबे गावाच्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून आम्ही झाकणं पक्की बंद करून वेगळे ठेवले. पूजा त्याचा चुलतभाऊ करू लागला, हातमोजे घालून. त्यावरही कुरकुर झाली, तेव्हा मित्र म्हणाला, "डाक्टर मला हातमोजे घालूनच शिवत्यात. मी काय बाटलो का?"

सगळे मला हुशार म्हणत होते. सर्जनांनी चार माणसांत माझं कौतुक केलं. वहिनींनी माझ्या घरी नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. ते मला स्वयंपाकघरात नजरेआड ठेवावं लागलं. मी झोपेत नाही तर जागेपणी, भर दुपारी, मशीनचा आवाज चालू असताना घाबरून उठायचो. त्याच्या पोटावरचा व्रण माझा होता. श्रावणानंतर त्याने लावलेला शेंदूरही माझा. श्रावणात वीस मिनिटं दिली असती तर मनगटही वाचलं असतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता बोलून त्याचा विश्वास कशाला मोडता?" तिचं बोलणं मला पटलं आणि मी आणखी अस्वस्थ झालो.

पुढच्या चैत्रात एका शनिवारी आम्ही पारावर बसलो होतो. पट्टी सुटली होती. त्याने खिशातून पुडी काढली तेव्हा मी त्याचा हात धरायला सरसावलो, पण पुडीत बडीशेप होती. डाव्या हातावर घेतली, सवयीने अंगठ्याने रगडली, दोन थापा मारल्या आणि हात माझ्यापुढे केला. मनगट सरळ होतं. जरासं थरथरत होतं, पण सरळ होतं. तळहात धुऊन धुऊन पांढरा पडला होता.

माझा हात उचलेना. "श्रावणात तू लॅबमधी आला होतास ना," मी म्हणालो, "तेव्हाच मला दिसलं होतं. तुझ्या रक्तातले ठिपके. मला वाटलं स्टेनमधी कचरा आहे. गर्दी होती. मी परत बघितलं नाही."

त्याला अर्थ लागायला वेळ लागला. "म्हंजी आपेंडिक्स..."

"काढायची गरज नव्हती."

"आन सहा-सात महिने तू हे घिऊन माझ्याबरुबर बसतोस? बायकू तुझ्या घरी तांदूळ धाडती, आन तू खातोस?"

त्याने मूठ मिटली. बडीशेप बोटांतून सांडली. उठला आणि वेशीतून घरी निघून गेला, मागे वळून न बघता. मी त्याला पहिल्यांदाच असा जाताना पाहिलं.

दोन शनिवार मी गावात गेलो नाही. फोन केला तर वहिनी उचलायच्या आणि "शेतावर गेल्यात" म्हणायच्या. त्यांचा आवाजच सांगत होता की तो शेजारीच बसला आहे. मी लॅबमध्ये सगळ्यांवर खेकसत होतो आणि स्लाइड दोनदोनदा बघत होतो.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या गर्दीत, काउंटरवर थाप पडली. मी ओरडायला वळलो तर तो उभा. रक्त तपासायची त्याची तारीख होती. एव्हाना नारायणगावात आणखी तीन लॅब झाल्या आहेत आणि जीपमधून उतरल्यावर आधी त्या लागतात. तो आत आला, खुर्चीवर बसला, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. तळहात वर, मनगट सरळ.

"पुण्याला धाडायचं ते धाड," तो म्हणाला. "पण काचंवर तूच बघ. आन आता नीट बघ."

बाहेर माणसं थापा मारत होती. मी रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितलं, आणि तो समोर बसून बघत असताना आधी स्टेन गाळायला घेतला.